चामखीळ: जाळायची, गोठवायची की थांबायचं? उपचार निवडण्यापूर्वी हे वाचा

दसरा झाला की नांदूरघाट आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर आवराआवर सुरू होते. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं भांडीकुंडी बांधतात, मुकादमाची गाडी ठरते. याच दिवसांत माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते: "डॉक्टर, ही चामखीळ आजच्या आज काढा, परवा निघायचंय."

काही वर्षांपूर्वी एक बाई अशाच आल्या. उजव्या हाताच्या बोटावर, नखाच्या कडेला चामखीळ होती. कोयता धरताना टोचायची. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी चुना आणि धुण्याचा सोडा कालवून त्यावर लावला, वरून चिंधी बांधली आणि झोपल्या. सकाळी चामखिळीबरोबर शेजारची चांगली कातडीही काळी पडली होती. उचल आधीच घेतलेली, आणि महिनाभर त्या हाताने कोयता धरता येणार नव्हता. जखम भरली, व्रण राहिला. पुढच्या उन्हाळ्यात त्या परत आल्या तेव्हा व्रणाच्या कडेला चामखीळ पुन्हा उगवलेली होती.

चामखीळ हा जिवावरचा आजार नाही. पण घाईत आणि चुकीच्या पद्धतीने काढली तर हात, पाय आणि रोजगार तिन्ही अडचणीत येतात. म्हणून कोणते उपचार आहेत, कोणता कुणाला योग्य आणि कुठे थांबायचं, हे नीट समजून घेऊ.

चामखीळ म्हणजे नेमकं काय?

चामखीळ हा त्वचेला झालेला विषाणूचा संसर्ग आहे. या विषाणूला ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही म्हणतात. त्याचे २०० हून अधिक प्रकार आहेत. काही हाता-पायांवर चामखिळी आणतात, काही चेहऱ्यावर, तर काही जननेंद्रियांवर.

त्वचेवर बारीक चीर, खरचटा किंवा भेग असेल तर विषाणू तिथून आत शिरतो. शिरल्यावर लगेच काही दिसत नाही. चामखीळ वर यायला साधारण २ ते ३ महिने लागतात, कधी वर्षही जातं. त्यामुळे "कुठून लागली?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही.

बेडकाला हात लावल्याने चामखीळ येत नाही. रक्त खराब झाल्याने किंवा अंगातल्या उष्णतेनेही येत नाही. त्यामुळे रक्त शुद्ध करणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवू नका.

ती पसरते मात्र नक्की. नखं कुरतडणाऱ्या मुलांच्या बोटांवर ती एकापासून दुसऱ्या बोटावर जाते. दाढी करताना वस्ताऱ्याने कापली तर गालभर बारीक चामखिळी उठतात. एकच टॉवेल, एकच वजरी घरातल्या सगळ्यांनी वापरली तरी संसर्ग पोचू शकतो.

आधी खात्री करा: ती चामखीळच आहे ना?

आपल्याकडे त्वचेवर काहीही उगवलं की त्याला चामखीळ किंवा मस म्हणतात. पण उपचार वेगवेगळे असतात, म्हणून फरक ओळखायला हवा.

• खरी चामखीळ: खरखरीत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पृष्ठभाग. नीट पाहिलं तर आत काळे बारीक ठिपके दिसतात. लोक त्याला मूळ समजतात, पण त्या गोठलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात. चामखिळीला झाडासारखं मूळ नसतं.

• लोंबता मस: मानेवर, काखेत, जांघेत मऊ, देठावर लोंबणारी गाठ. ती या विषाणूच्या चामखिळीत मोडत नाही. वजन जास्त असणाऱ्यांत आणि मधुमेह असणाऱ्यांत असे मस अधिक दिसतात. मानेवर पुष्कळ मस असतील आणि तिथली कातडी काळवंडून जाड झाली असेल, तर मस काढण्याआधी रक्तातील साखर तपासून घ्या.

• कुरूप: तळपायावर दाब पडतो तिथे जाड झालेली कातडी. कुरूप सरळ दाबलं की दुखतं, चामखीळ दोन बोटांच्या चिमटीत धरून दाबली की जास्त दुखते. कुरुपावर कातडीच्या रेघा सलग दिसतात, चामखिळीवर त्या तुटतात.

• मोत्यासारखे गुळगुळीत दाणे, मधोमध खळगा: लहान मुलांत दिसणारा हा वेगळ्या विषाणूचा आजार आहे. त्याला मोलस्कम म्हणतात. तो बहुतेक वेळा आपोआप जातो.

• त्वचेचा क्षयरोग: अनवाणी चालणाऱ्यांच्या पायावर किंवा हातावर चामखिळीसारखा खरखरीत चट्टा येतो आणि महिनोन् महिने हळूहळू पसरत राहतो. हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका शेतकऱ्याच्या टाचेवरच्या चट्ट्याला मी तीन महिने चामखिळीचं औषध देत राहिलो. शेवटी तुकडा तपासायला पाठवला, तेव्हा तो क्षयरोग निघाला. क्षयाच्या गोळ्यांनी तो बरा झाला, पण त्याचे तीन महिने माझ्यामुळे वाया गेले.

पुढील गोष्टी दिसल्या तर घरी काहीही लावू नका, डॉक्टरांना दाखवा:

• आपोआप रक्त येतं, चिघळतं किंवा भराभर वाढतं
• रंग काळा, निळसर किंवा एकाच डागात वेगवेगळा आहे, विशेषतः तळपायावर किंवा नखाखाली
• पन्नाशीनंतर पहिल्यांदाच एकच कडक गाठ आली आहे
• तीन महिने उपचार करूनही काही फरक नाही
• अचानक अंगभर खूप चामखिळी आल्या आहेत
• चेहरा, पापणी, तोंडाच्या आत किंवा जननेंद्रियावर आहे

उपचार १: काहीही न करता वाट पाहणे

हा सल्ला ऐकून पालकांचा चेहरा पडतो. "मग फी कशाची?" असंही काही जण विचारतात. पण निरोगी मुलांमध्ये सुमारे दोन तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात. शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूला ओळखते आणि डाग न ठेवता त्याला संपवते. मंत्र, दोरा, वांगं ओवाळून पुरणं, घोड्याच्या शेपटीचा केस बांधणं, या सगळ्यांना गुण येण्याचं श्रेय बहुधा इथेच दडलेलं असतं.

मूल लहान असेल, चामखीळ दुखत नसेल आणि पसरत नसेल, तर थांबणं हाही उपचारच आहे. मोठ्या माणसांत मात्र ती आपोआप जायला जास्त वेळ लागतो.

उपचार २: सॅलिसिलिक ॲसिडचं औषध

हाता-पायांवरच्या चामखिळीसाठी घरी करण्याजोगा हा सर्वात भरवशाचा उपाय. औषधाच्या दुकानात सॅलिसिलिक आणि लॅक्टिक ॲसिड एकत्र असलेलं, नेलपॉलिशसारखं वाळणारं औषध मिळतं. ते जाड कातडीचे थर हळूहळू सोलून काढतं. खरी मेख वापरण्याच्या पद्धतीत आहे:

१. रात्री झोपण्यापूर्वी तो भाग ५ ते १० मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवा.
२. पुसून कोरडा करा. मऊ झालेला पांढरा थर वजरीने हलक्या हाताने घासा. रक्त येऊ देऊ नका. ती वजरी दुसऱ्या कुणी वापरायची नाही.
३. आजूबाजूच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन लावा.
४. औषधाचा एक थेंब फक्त चामखिळीवर ठेवा. वाळू द्या आणि वर चिकटपट्टी लावा.
५. हे रोज, सलग १२ आठवडे करा.

भाजल्यासारखं झालं, लाल झालं तर दोन-तीन दिवस थांबा आणि पुन्हा सुरू करा. बहुतेक लोक आठ दिवस लावतात, दिसत नाही म्हणून सोडतात आणि औषध खोटं आहे म्हणतात. तसं करू नका.

या औषधाची बाटली पेट घेऊ शकते. चुलीजवळ, गॅसजवळ किंवा दिव्याजवळ ठेवू नका. चेहऱ्यावर आणि जननेंद्रियावर लावू नका.

मधुमेह असलेल्यांनी किंवा पायातला रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी पायाला हे औषध स्वतःच्या मनाने कधीही लावू नये. पायाची जाणीव कमी असते, त्यामुळे कातडी खोलवर जळली तरी कळत नाही. छोट्या कुरुपाला किंवा चामखिळीला ॲसिड लावल्यामुळे जखम चिघळून बोट गमवायची वेळ येऊ शकते.

उपचार ३: गोठवणे (क्रायोथेरपी)

यात द्रवरूप नायट्रोजन वापरतात. त्याचं तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असतं. गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करणाऱ्यांकडे वाफा निघणारा थंड कॅन तुम्ही पाहिला असेल, तोच हा द्रव. पण म्हणून तिथे जाऊन बोट बुडवायचं नाही. किती सेकंद आणि किती खोल गोठवायचं, हे शिकलेल्या माणसाचं काम आहे.

डॉक्टर चामखिळीवर काही सेकंद हा द्रव फवारतात किंवा कापसाच्या काडीने लावतात. भूल लागत नाही. चरचरतं, नंतर ठणकतं. एक-दोन दिवसांत फोड येतो, कधी रक्ताचा काळपट फोड येतो. तो फोडू नका. आठ-पंधरा दिवसांत खपली पडते. एका वेळेत काम होत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीन ते सहा वेळा यावं लागतं.

आपल्या सावळ्या त्वचेवर त्या जागी पांढरा किंवा काळा डाग राहू शकतो. बहुतेक डाग हळूहळू भरतात, काही राहतात. चेहऱ्यावर करण्यापूर्वी हे विचारून घ्या.

उपचार ४: विजेने जाळणे (कॉटरी, रेडिओफ्रीक्वेन्सी)

लोक "मशीनने काढा" म्हणतात ते हेच. भुलेचं इंजेक्शन देऊन चामखीळ जाळतात आणि खरवडून काढतात. एका बैठकीत चामखीळ दिसेनाशी होते, म्हणून सगळ्यांना हाच उपाय हवा असतो. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा:

• जखम भरायला दोन ते तीन आठवडे लागतात. तळव्यावर आणि तळपायावर त्याहून जास्त.
• व्रण राहू शकतो. तळपायावरचा व्रण चालताना चामखिळीपेक्षा जास्त दुखू शकतो.
• विषाणू शेजारच्या साध्या दिसणाऱ्या कातडीतही असतो, म्हणून चामखीळ परत येऊ शकते. यात डॉक्टरांची चूक असतेच असं नाही.

हृदयात पेसमेकर असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा भुलेच्या इंजेक्शनची ॲलर्जी असेल, तर आधी सांगा.

उपचार ५: लेझर

लेझरचं नाव मोठं आणि खर्चही मोठा. नखाखालच्या किंवा इतर उपायांना दाद न देणाऱ्या चामखिळीसाठी त्याचा उपयोग होतो. पण साध्या चामखिळीसाठी पहिल्याच भेटीत लेझर लागत नाही. लेझरनंतरही चामखीळ परत येऊ शकते.

उपचार ६: प्रतिकारशक्तीला जागं करणारी इंजेक्शनं

हट्टी किंवा पुष्कळ चामखिळी असतील तेव्हा त्वचारोगतज्ज्ञ हा मार्ग घेतात. गोवर-गालगुंड-रुबेला म्हणजे एमएमआर लस, ड जीवनसत्त्व किंवा एमडब्ल्यू लस एखाद-दुसऱ्या चामखिळीत टोचतात. शरीराची प्रतिकारशक्ती तिथे धावून येते, विषाणूला ओळखते आणि कधी कधी दूरच्या, न टोचलेल्या चामखिळीही गळून पडतात. यातली एमडब्ल्यू लस भारतात, डॉ. जी. पी. तलवार यांच्या संशोधनातून, मुळात कुष्ठरोगासाठी तयार झाली.

टोचताना दुखतं आणि काही जणांना एक-दोन दिवस ताप येतो. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने अनेक इंजेक्शनं लागतात. गुण प्रत्येकाला येतोच असं नाही, पण आला तर व्रण राहत नाही. ब्लिओमायसिनसारखी आणखी तीव्र इंजेक्शनंही आहेत. ती फक्त तज्ज्ञांनीच द्यायची.

यातलं सर्वात चांगलं कोणतं?

खरं सांगायचं तर शंभर टक्के खात्रीचा उपाय एकही नाही. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात २५० रुग्णांचे तीन गट करून तुलना केली होती. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. हातावर वगैरे येणाऱ्या साध्या चामखिळी १३ आठवड्यांनी गोठवलेल्या गटात ४९ टक्के, सॅलिसिलिक ॲसिडच्या गटात १५ टक्के आणि नुसती वाट पाहणाऱ्या गटात ८ टक्के रुग्णांच्या पूर्ण गेल्या. तळपायाच्या चामखिळीत मात्र तिन्ही गटांत ठळक फरक नव्हता. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या २४० रुग्णांच्या अभ्यासातही हेच दिसलं: तळपायाच्या चामखिळी गोठवा किंवा सॅलिसिलिक ॲसिड लावा, १२ आठवड्यांनी दोन्हीकडे सुमारे १४ टक्केच रुग्ण पूर्ण बरे झाले होते.

याचा अर्थ उपचार करू नका असा नाही. हातावरच्या चामखिळीला गोठवण्याचा फायदा आहे. तळपायाच्या चामखिळीला धीर लागतो. आणि "एका दिवसात गॅरंटी" म्हणणाऱ्यापासून सावध राहायचं.

घरगुती उपायांबद्दल स्पष्ट सांगतो

• चुना आणि सोडा: चुना आणि धुण्याचा सोडा पाण्यात एकत्र आले की कॉस्टिक सोडा तयार होतो. तो कातडी, मांस, जे समोर येईल ते जाळतो. कुठे थांबायचं हे त्याला कळत नाही.
• बिब्बा, रुईचा चीक, बॅटरीचं ॲसिड: भाजणं, पुरळ, सूज, खोल जखम. डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते.
• ब्लेडने कापणे: रक्त येतं, विषाणू पसरतो आणि धनुर्वाताचा धोका असतो.
• लसूण किंवा चिकटपट्टी: लसणाने कातडी भाजते. नुसत्या चिकटपट्टीने गुण येतो असं २००२ मधल्या एका अभ्यासात दिसलं होतं, पण पुढच्या अभ्यासांत ते टिकलं नाही.

कुणी काही लावून भाजलं असेल तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली किमान २० मिनिटं धरा. वर हळद, टूथपेस्ट, शाई लावू नका. तसंच दवाखान्यात या. आम्ही रागावणार नाही.

जननेंद्रियावरची चामखीळ: लाजेने लपवू नका

ही लैंगिक संबंधातून पसरते. संसर्ग होऊन महिने-वर्ष लोटल्यावरही ती दिसू शकते, म्हणून जोडीदारावर लगेच संशय घेऊन घर मोडू नका. दोघांनीही तपासणी करावी. एचआयव्ही आणि गुप्तरोगाच्या चाचण्या सरकारी रुग्णालयात मोफत होतात आणि गुप्त ठेवल्या जातात. एचआयव्हीविषयी माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. या जागेवर हातापायाचं औषध कधीही लावू नका. इथले मलम आणि उपचार वेगळे असतात.

या चामखिळी आणणारे बहुतेक विषाणू (प्रकार ६ आणि ११) कर्करोग करत नाहीत. पण याच कुटुंबातले १६ आणि १८ हे प्रकार गर्भाशयमुखाचा कर्करोग करतात. हा संबंध शोधणारे हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस या चारही प्रकारांपासून संरक्षण देते. मुलींना ती ९ ते १४ वर्षांच्या वयात देणं सर्वात चांगलं. हाता-पायांच्या चामखिळीवर मात्र ती लस म्हणून दिली जात नाही.

लहान मुलाच्या जननेंद्रियावर चामखीळ दिसली तर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा. ती कधी मोठ्यांच्या हातावरून येते, तर कधी लैंगिक अत्याचाराची खूण असते. मुलाला रागावू नका.

गरोदरपणात

गरोदरपणात चामखिळी वाढू शकतात आणि बाळंतपणानंतर बऱ्याचदा कमी होतात. गरज पडली तर गोठवणं सुरक्षित आहे. पोडोफायलिन, ५-फ्लुरोयुरॅसिल, ब्लिओमायसिन आणि एमएमआर लसीचं इंजेक्शन गरोदरपणात टाळायचं असतं. दिवस गेले असतील किंवा शंका असेल तर उपचारापूर्वी सांगा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी: उपचाराची वेळ ठरवा

निघायच्या आठ दिवस आधी तळहातावरची चामखीळ जाळून घेऊ नका. ओली जखम, त्यात पाचटाचे काप, चिखल आणि कोयत्याचा दाब, यातून ती पिकणारच. त्यापेक्षा असं करा:

• फडावर असताना सॅलिसिलिक ॲसिडचं औषध रात्री लावायचं, दिवसा पट्टी बांधून काम करायचं. औषध कोपीत चुलीपासून लांब आणि मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवायचं.
• गोठवणं, कॉटरी किंवा इंजेक्शनं गावी परतल्यावर, उन्हाळ्यात करायची. तेव्हा पुन्हा पुन्हा येणं जमतं आणि जखमेला विश्रांती मिळते.
• बूट किंवा बंद चप्पल वापरा. हातमोजे मिळाले तर उत्तमच.
• धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते निघण्यापूर्वी तपासून घ्या.

आमच्या भागातल्या रुग्णांना तज्ज्ञांचा सल्ला लागला तर मी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवतो. सोबत जुने कागद आणि चालू औषधांची पाकिटं न्या. कुठेही उपचार घ्या, तीन प्रश्न आधी विचारा: किती वेळा यावं लागेल? एकूण खर्च किती? परत आली तर पुढे काय?

घरात पसरू नये म्हणून

• चामखीळ खाजवू, कुरतडू नका. नखं लहान ठेवा.
• टॉवेल, मोजे, वजरी, दाढीचं ब्लेड वेगळं ठेवा. केशकर्तनालयात नवं ब्लेड मागा.
• टाचेच्या भेगांना तेल किंवा व्हॅसलीन लावा. भेग नसेल तर विषाणूला वाट मिळत नाही.
• मुलाला शाळेत पाठवणं थांबवायची गरज नाही. हातावर पट्टी लावली की पुरे.

त्या बाईंची परत आलेली चामखीळ कशी गेली, हेही सांगायला हवं. उन्हाळ्यात त्या गावी होत्या. अंबाजोगाईला चार वेळा जाऊन गोठवून घेतली आणि मधल्या काळात रात्री न चुकता औषध लावलं. पोळ्याच्या सुमारास बोट साफ झालं. दसऱ्याला त्या निघाल्या, तेव्हा हात पूर्ण बरा होता.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या त्वचेवरची गाठ डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहूनच निदान होऊ शकतं.)